उतूं जाणारें पाणी

दूध उतूं जाऊं लागलें कीं आमच्या घरांत कोणीहि धांवत जाऊन आंच कमी करतो. पातेल्यांत हात घालण्याची बुद्धि कोणास होत नाहीं. तेंच मोटारीचें पाणी उतूं गेलें कीं चांगले शिकलेले गृहस्थ रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून, बॉनेट उघडून, पहिल्यानें झाकणालाच हात घालतात. ज्या घरांत मुलांच्या गुणांचा हिशेब दशांशापर्यंत ठेवला जातो, त्याच घराच्या दाराशीं उभ्या असलेल्या गाडीच्या पोटांत पाणी किती आणि तें कोणत्या वाटेनें फिरतें हें कोणास विचारूं नये.

आमच्या वऱ्हाडांत मोटारीला पाणी ‘पाजतात’. हा शब्द बैलजोडीवरून मोटारीकडे आला असावा, आणि एके काळीं तो अक्षरशः खराहि होता. मलकापूरहून बुलढाण्याकडे येतांना लागणाऱ्या राजूरच्या घाटांत मालमोटारी चढ संपतांच धापा टाकीत उभ्या राहत आणि क्लीनर डबा घेऊन खालीं उतरे. जुन्या गाड्यांत उकळलेलें पाणी नळीवाटे सरळ रस्त्यावर सांडे; गेलें तें गेलेंच, म्हणून नवें पाजणें भाग होतें. पुढें त्या नळीच्या टोकाला बाटली बसली आणि पाण्याचा सगळा व्यवहारच पालटला. लोकांची समजूत मात्र डब्याच्या काळांतच राहिली आहे.

इंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें तिसरा हिस्साच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. तेवढाच धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेल्यांतील बराचसा वांटा पाण्यास वाहून न्यावा लागतो. पंप तें पाणी इंजिनाच्या भिंतींतील पोकळ्यांतून फिरवितो. ८० ते ९० अंशांच्या सुमारास थर्मोस्टॅट नांवाचें दार उघडतें आणि तापलेलें पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत निवावयास येतें. तापलें कीं पाणी फुगतें. ३० अंशांचें ६ लिटर पाणी ९० अंशांवर नेलें तर तें सुमारें २०० मिलिलिटरांनीं वाढतें. त्यांत कूलंट मिसळलेलें असल्यास थोडें अधिकच. म्हणजे मोठा पेलाभर पाणी प्रत्येक प्रवासांत जागा शोधीत असतें. इंजिनाच्या बाजूला जी पांढुरकी बाटली दिसते ती या पेलाभर पाण्याची धर्मशाळा होय.

रेडिएटरचें झाकण आणि स्वयंपाकघरांतला कुकर यांची जात एकच. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १६७९ मध्यें लंडनांत हाडें शिजवून मऊ करणारें बंद भांडें करून दाखविलें, आणि तें फुटूं नये म्हणून पुढें त्यास वजनाची झडप लावली. त्याच कल्पनेचें लहानसें रूप मोटारीच्या झाकणांत आहे. त्यांतील स्प्रिंग बाहेरच्या हवेपेक्षां सुमारें एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवते, त्यामुळें पाणी १०० अंशांवर न उकळतां १२० अंशांच्या आसपास उकळतें. दाब त्याहून वाढला कीं झडप उचलली जाते आणि जादा पाणी नळीनें बाटलींत उतरतें. येथवरची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते.

पुढली गोष्ट कोणी सांगत नाहीं. त्याच झाकणांत उलट दिशेनें उघडणारी, बटणाएवढी दुसरी झडप असते. इंजिन निवूं लागलें कीं पाणी आकसतें, आंत पोकळी होऊं पाहते, ही लहान झडप उघडते आणि बाटलींतलें पाणी निमूटपणें परत घरीं जातें. तेव्हां प्रवासानंतर बाटलींत पाणी चढलेलें दिसलें एवढ्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. रात्रींतून तें परत गेलें कीं नाहीं, हें सकाळीं पाहावें.

ही परतीची झडप केवढा घोळ घालूं शकते याचा अनुभव आम्हांस गेल्या मे महिन्यांत मेहकरास आला. पैनगंगेकांठच्या या गांवाचें नांव मेघंकर दैत्यावरून पडलें असें सांगतात. नांवांत मेघ असला तरी त्या दिवसांत आकाशांत त्याचा ठिपकाहि नव्हता. आम्ही सहकुटुंब लोणारचें सरोवर पाहून परतत होतों. अंतर अवघें वीस-पंचवीस किलोमीटरांचें. गाडींत सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई आणि दोन लहान मुलें. मेहकर जवळ आलें आणि तापमानाचा कांटा वर सरकूं लागला; समोरून गोडसर वास येऊं लागला. याच गाडींत आधींच्या दोन महिन्यांत एका शहरांतील गॅरेजनें तीन वेळां पाणी भरून दिलें होतें आणि तिन्ही वेळां निकाल एकच: ‘कमी होतें, भरलें.’ कमी कां होतें, हा प्रश्न तेथें कोणास पडला नव्हता.

सुदैवानें गांवाच्या तोंडाशींच एक लहानसें गॅरेज लागलें. जवळच उभा असलेला एक परोपकारी माणूस फडकें घेऊन झाकणाकडे वळला, तोंच आंतून मिस्त्री ओरडले, “हात नोका लावू भाऊ, आंगावर उडीन ते!” मग आत्याबाईंना म्हणाले, “आजी, तुमी सावलींत बसा. अर्धा-पाऊण घंटा कायीच करायचं नाही.” आम्ही लिंबाखालीं बसलों. मिस्त्रींच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना वण होता. सतराव्या वर्षीं, उस्तादाची नजर चुकवून उघडलेल्या एका झाकणाचा तो होता.

त्यांत नवल कांहींच नाहीं. आंतलें पाणी ११५ अंशांवर असूनहि केवळ दाबामुळें द्रवरूपांत असतें. झाकण फिरलें कीं दाब नाहींसा होतो आणि त्यांतला कांहीं भाग एका क्षणांत वाफ होतो. पाण्याची वाफ झाली कीं ती मोकळ्या हवेंत सुमारें सोळाशें पट जागा व्यापते. उरलेलें उकळतें पाणी तीच वाफ तोंडावर फेकते. पुष्कळ नव्या गाड्यांत तर बाटलीच दाबाखालीं असते आणि झाकण तिच्यावरच असतें. ‘नुसती बाटलीच उघडतों’ हा धीर तेथें कामाचा नाहीं.

पाऊण तासानें मिस्त्रींनीं झाकण काढलें. बाटली कांठोकांठ आणि रेडिएटर चार बोटें रिकामा! वरची रबरी नळी चिपटून आंत ओढली गेली होती. झाकणाच्या पोटांतलें रबर कडक होऊन लहान झडप चिकटून बसली होती. पाणी रोज बाहेर येई, परत जाण्याचें दार बंद, म्हणून बाटली भरून सांडे. आणि शहरांतले कारागीर रेडिएटर पुन्हां भरून देत. कांहींशें रुपयांचें झाकण बदलतांच काम संपलें.

कूलंट कोणतें घालावें यावर मात्र मिस्त्रींचा आणि आमचा थोडा वाद झाला. एथिलीन ग्लायकॉल प्रथम १८५६ मध्यें वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें तयार केलें आणि थंड देशांनीं तें पाणी गोठूं नये म्हणून मोटारींत घातलें. मेहकरास गोठण्याचें भय कसलें, असें आम्हांस वाटे. परंतु तेंच द्रव्य उत्कलनबिंदूहि कांहीं अंशांनीं वर नेतें, आणि कूलंटमधील इतर द्रव्यें धातूला गंजूं देत नाहींत. बोअरचें जड पाणी वर्षानुवर्षें घातलें तर बारीक नळ्यांत चुन्याचा थर बसतो, हें सांगावयास त्यांनीं कोपऱ्यांत पडलेला एक जुना रेडिएटर कापून ठेवलेला दाखविला. वाद तेथेंच मिटला.

सगळेंच उतूं जाणें इतकें निरुपद्रवी नसतें, असेंहि ते म्हणाले. बंद पडलेला पंखा, न उघडणारा थर्मोस्टॅट, सुगीच्या धुळीनें आणि भुशानें बुजलेली रेडिएटरची जाळी यांचा परिणाम वरवर तसाच दिसतो. गाडी थंड असतांना सुरू करतांच बाटलींत बुडबुडे येऊं लागले, तर मात्र हेड गास्केट फुटून इंजिनांतला वायु पाण्यांत शिरत असल्याचा संशय घ्यावा. त्या गाडीला पाणी पाजीत राहणें म्हणजे इंजिन गमावणें. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग मेहकरजवळून जातो; नागपूर-शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्यें आणि संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्यें खुला झाला. त्यावर तासन् तास वेगानें जाणाऱ्या इंजिनाला घाटमाथ्यावरचा विसांवा नाहीं आणि डबा घेऊन उतरणारा क्लीनरहि नाहीं.

निघतांना मिस्त्रींनीं बाटलीवर पाण्याच्या पातळीशीं कागदी पट्टी चिकटविली. “चार दिवस रोज सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी पाहजा,” म्हणाले. आत्याबाईंनीं तें काम आपल्याकडे घेतलें. पहिल्या दोन दिवशीं पाणी पट्टीच्या बोटभर खालीं होतें, कारण आंत अडकलेली हवा निघत होती, थोडें भरलें. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीं तें पट्टीवर होतें. पांचव्या दिवशीं पहांटे आम्ही मेहकरहून समृद्धीवर चढलों आणि ऊन तापण्यापूर्वीं नागपूर गांठलें.