पत्रिकेचा कागद आणि पुण्याच्या पेठा

ताईचं लग्न ठरलं आणि आम्ही तिघी, म्हणजे आई, ताई आणि मी, पत्रिका पसंत करायला गेलो. दुकानातल्या जाडजूड फायलीत शंभर तरी नमुने होते. गणपती, कलश, सनई-चौघडा, सगळं काही. मजकूरही तयारच, आपण फक्त नावं भरायची. आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं. प्रत्येक नमुन्यात निमंत्रक म्हणून 'श्री. व सौ.' आणि आमचे बाबा जाऊन तर चार वर्षं झाली होती.

"मग काकांचं नाव घाला. तशीच पद्धत आहे," दुकानदार म्हणाले. आई लगेच "हो, चालेल" म्हणाली. ती इतक्या पटकन म्हणाली की ताईने फाईल मिटली. रिक्षात बसल्यावर तिने जाहीर केलं, "पत्रिका आपण घरी करायच्या."

लांबच्या मंडळींना व्हॉट्सॲप होतंच. घरी जाऊन द्यायच्या पत्रिका मोजल्या तर 120 झाल्या. इतक्या जमतील, असं वाटलं आणि एका शनिवारी कागद शोधायला आम्ही दोघी बहिणी निघालो.

पहिला मुक्काम शिवाजीनगरची हातकागद संस्था. गांधीजींच्या स्वदेशीच्या विचारातून 1940 साली ही संस्था सुरू झाली. हातकागदासाठी झाड तोडावं लागत नाही. सुती कापडाच्या चिंध्या बारीक कापून, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात. लाकडी चौकटीच्या जाळीवर तो पसरला की पाणी खाली निथळतं आणि वर कागदाचा ओला थर उरतो. मग दाबून पाणी काढायचं, वाळवायचं आणि घोटून गुळगुळीत करायचं. कोणाच्या तरी जुन्या सुती कपड्यांचा कागद! ताईला ही कल्पनाच फार आवडली.

हातकागदाचा मोठा ताव साधारण 22 बाय 30 इंचांचा असतो. आम्हाला 5 बाय 7 इंचांची पत्रिका हवी होती. एका तावात अशा 16 बसतात, म्हणजे आठ तावांत 128. चुकायला आठ पत्रिका शिल्लक! पाकिटांसाठी पातळ कागद वेगळा घेतला. मोह न आवरून गुलाबाच्या पाकळ्या घातलेला एक तावही घेतला. त्याची गोष्ट पुढे येईलच.

गुंडाळी काखेत मारून नव्या पुलावरून नदी ओलांडली की शनिवारवाडा आणि त्याच्या पलीकडे कसबा पेठ. इथे कागदीपुरा नावाचा भाग आहे. एकेकाळी हाताने कागद बनवणाऱ्यांची ही वस्ती. ते काम इथून केव्हाच गेलं, नाव मात्र राहिलं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं नावही याच धंद्यावरून पडलेलं. इतकी वर्षं या गल्ल्यांतून जाते आहे, पण नावाचा अर्थ त्या दिवशी हातात कागद असताना पहिल्यांदा लक्षात आला.

तिथून अप्पा बळवंत चौक. पुस्तकांसाठी प्रसिद्ध असला तरी पेन, शाई, स्टीलची पट्टी, कटर सगळं इथे मिळतं. मग रविवार पेठेतली बोहरी आळी. पाकिटांना बांधायची लाल-पिवळी दोरी तिथे घाऊक भावात मिळाली. शेवटी तुळशीबागेतून हळदीकुंकू घेतलं आणि पाय दुखायला लागल्यावर मंडईजवळ मस्तानी प्यायलो.

खरी परीक्षा घरी होती. पाकळ्यांचा कागद आमच्या इंकजेट प्रिंटरमध्ये घातला आणि तो अडकला. पाकळ्यांचा चुरा काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हा छपाईसाठी साधा, घोटलेला आणि फार जाड नसलेला कागदच घ्या. पाकळ्यांचा किंवा बिया घातलेला कागद पाकिटाला वापरा. हातकागदावर शाई थोडी पसरते, म्हणून अक्षर जरा मोठं ठेवा आणि आधी एका तुकड्यावर छापून पाहा. कडा खडबडीत हव्या असतील तर पट्टी धरून रेघेवर ओला ब्रश फिरवा आणि कागद हलकेच फाडा. पाकिटं चिकटवायला मैद्याची खळ पुरते. पाकिटात अक्षता घालणार असाल तर त्या नीट वाळू द्या, नाहीतर कुंकवाचे डाग पडतात.

मजकूर आईने लिहायचा आणि तिच्याच अक्षरात छापायचा, असं ताईने ठरवलं होतं. आईचं अक्षर मोत्यासारखं आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने लिहून घेतलं की फोनवर छान स्कॅन होतं. पण तिने लिहिलेला पहिला कागद आम्ही पाहिला तर वर काका-काकू आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, तिचं नाव.

"आई, लग्न तुझ्या मुलीचं आहे," ताई म्हणाली.

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते पत्रिका मिळाल्यावर कळेल."

त्या रविवारी काका आले. कागद हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता वाद होणार. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, स्वतःचं नाव खोडलं आणि खाली 'आपले विनीत'च्या रांगेत लिहिलं. "वहिनी, हे पुन्हा एकदा नीट लिहून काढा," एवढंच म्हणाले.

आईने ते चार वेळा लिहिलं. चौथ्या कागदावर 'श्रीमती' आणि पुढे तिचं पूर्ण नाव सगळ्यात वर होतं.

तुम्ही पुण्यात नसलात तरी कागदाची अडचण येणार नाही. जयपूरजवळचं सांगानेर आणि पुदुच्चेरीचा अरविंदाश्रम हातकागदासाठी प्रसिद्ध आहेत. दिल्लीत चावडी बाजार आणि मुंबईत गिरगावची खाडिलकर रोड हे पत्रिकांचे जुने बाजार. घरी करायचं ठरवलंत तर निदान महिनाभर हाताशी ठेवा आणि मजकूर घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या. आमच्याकडे आजीने मुहूर्ताच्या वेळेतली चूक पकडली, नाहीतर पाहुणे जेवायलाच पोहोचले असते.

पहिली पत्रिका पुण्याच्या ग्रामदैवताची. तीन आठवड्यांनी पुन्हा कसब्यात गेलो, या वेळी आईलाही घेऊन. निघताना ताईने हळदीकुंकवाची वाटी आईपुढे ठेवली होती. "तूच लाव," म्हणून आईने ती दोनदा मागे सारली. तिसऱ्यांदा मात्र बोट बुडवलं आणि चारही कोपऱ्यांना लावलं.

गुरुजींनी पत्रिका घेतली, कागदावरून बोट फिरवून पाहिलं आणि कसबा गणपतीपुढे ठेवताना विचारलं, "कोणाकडचं लग्न?"

मी उत्तर देणार होते, तेवढ्यात आई पुढे झाली.

"माझ्याकडचं," ती म्हणाली.