खिशातले फ्यूज

आमच्या घरातला पंखा आणि मी जवळजवळ एकाच वयाचे. केनवडच्या आमच्या घरी १९८४ साली वीज आली, तेव्हा बाबांनी तो अकोल्याहून आणला. त्या वेळी आमचा जिल्हाही अकोलाच होता. वाशीम जिल्हा झाला तो १९९८ साली. चाळीस उन्हाळे त्या पंख्याने घरघरत काढले. यंदा सोयाबीनचे पैसे हाती आले आणि दिवाळीच्या साफसफाईत सौभाग्यवतींनी निकाल दिला, "आता हा उतरवाच. आणि नवा आणायचा तर खाली दिवा असलेला आणा."

पंख्याला दिवा लावण्याची हौस काही आजची नाही. अमेरिकेत फिलिप डील नावाच्या गृहस्थाने १८८० च्या दशकात शिवणयंत्राच्या मोटरीला पाती जोडून छताचा पंखा केला आणि पुढे त्याला दिवाही लावला. त्याला जमले ते मला का जमू नये? विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकलाच संपला, हे खरे. मी मुलांना मराठी शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. पण माझ्या एका नायकाने वादळी रात्री अख्ख्या वाडीची वीज दुरुस्त केलेली आहे. अशा नायकाच्या जनकाने दोन तारांना भ्यावे म्हणजे काय!

मी स्टूल मांडले, बटण बंद केले आणि वर चढलो. खाटेवरून बाबा म्हणाले, "आधी मेन पाड. फ्यूज काढून खिशात घाल."

ही त्यांची जन्माची सवय. साधा बल्ब बदलायचा असला, तरी ते मेन स्विच खाली ओढत, चिनी मातीचे दोन्ही फ्यूज उपसून बंडीच्या खिशात टाकत आणि मग पाटावर उभे राहत. फ्यूज खिशात, म्हणजे त्यांचे काम होईतो दुसऱ्या कुणाला वीज सुरू करता येऊ नये. तोवर सारे घर अंधारात. लहानपणी मला त्याची लाज वाटे.

"बाबा, बटण बंद केलंय मी."

"बटन बंद हाये. तार बंद हाये का?"

म्हातारपणाचा भित्रेपणा म्हणून मी हसलो. तरी त्यांचे मन राखावे म्हणून टेस्टर लावला. बटण बंद, पंखा थांबलेला, आणि टेस्टरमधला दिवा तांबडालाल! दुसऱ्या तारेला लावला, तिथेही तेच. मी स्टुलावरून उतरलो असे म्हणणे फार सभ्यपणाचे होईल.

रिसोडहून परवान्याचा वायरमन बोलावला. त्याने बटणाची फळी उघडली आणि उलगडा झाला. घरात दोन तारा येतात. एक फेज, म्हणजे २३० व्होल्टचा दाब घेऊन येणारी. दुसरी परतीची, न्यूट्रल. बटण हवे ते फेजवर. त्या काळी लागू असलेले १९५६ चे वीज नियमही हेच सांगत. आमचे बटण परतीच्या तारेवर होते. पाणी अडवावे वावराच्या तोंडाशी. आम्ही अडवले होते शेवटच्या बांधाला. पंखा थांबे, पण वावर भरलेलेच असे.

"सर, हे काम कोनं केलं हो?" वायरमनने विचारले.

मला ठाऊक होते. मजुरी परवडत नव्हती, म्हणून शेजारच्या घरचे काम पाहून बाबांनीच लाकडी पट्ट्या ठोकून तारा ओढल्या होत्या. दोन्ही तारा काळ्याच, मग फेज कुठली अन् परतीची कुठली? आपल्या हाताने घरात उजेड आणला, हा त्यांचा मोठा अभिमान होता. मी म्हणालो, "जुनं काम आहे. कोणी केलं कोण जाणे."

"म्या केलं," खाटेवरून आवाज आला. "शिकवायले कोनी नव्हतं. चुकलं असन, असं वाटे. म्हनून फ्यूज खिशात."

वायरमन खाली मान घालून तारा सोलू लागला. मला काही बोलणे सुचेना. वर्गात मी दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखवतो. माझी कादंबरी एकदा छापून आली, की तिच्यात चूक असेल असे माझ्या मनातही येत नाही. बाबांना आपली चूक कुठे आहे ते कळले नव्हते, पण ती असेल हे धरून ते चाळीस वर्षे वागले. त्यामुळेच आम्ही सारे धडधाकट आहोत. आणि मी त्यांना भित्रे समजत होतो.

वायरमनने फेज बटणावर घेतली. छतापर्यंत दोनच तारा होत्या, तिथे तिसरी ओढली: एक पंख्याची, एक दिव्याची, परतीची दोघांत सामाईक. अर्थिंगची हिरवी तार वेगळी. कडीत नवी रबरी गुट्टी बसली. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खाई. नवा तिसांच्या आसपास भागवतो, आणि घरघरत नाही. बाबांना पहिल्या रात्री त्या शांततेमुळेच झोप आली नाही.

धनत्रयोदशीला दिव्याची काच पुसायला मी स्टुलावर चढलो. आधी मेन पाडला, दोन्ही फ्यूज खिशात घातले. घर अंधारले. धाकटी हसून म्हणाली, "पप्पा, बटण तर बंद आहे ना?"

बाबा उत्तर देतील म्हणून मी थांबलो. ते नुसतेच माझ्या खिशाकडे पाहत होते.