बनशंकरीची थंडीतली मेजवानी
दक्षिण बंगळूरुच्या बनशंकरी भागाला नाव मिळाले ते १९१५ साली बांधलेल्या देवीच्या मंदिरावरून. बनशंकरी म्हणजेच शाकंभरी. पौषात तिला भाज्यांचा नैवेद्य दाखवणारी घरे महाराष्ट्रातही पुष्कळ. याच दिवसांत इथल्या साध्या उपाहारगृहांपासून वातानुकूलित हॉटेलांपर्यंत 'अवरेकाई' अवतरते. ही आपल्या वाल-पावट्याचीच बहीण! ताजे दाणे भिजवायचे, एकेक चिमटीत दाबून सोलायचे. मग आमटी, उप्पिट्टू, तांदळाची अक्की रोट्टी. डाळिंब्या सोलणाऱ्या गृहिणीला हा खटाटोप सांगायला नकोच. पण रोजच्या धावपळीत एवढी सवड कुणाला? मग सहकुटुंब हॉटेल गाठायचे. बिल जड वाटले, तर दाणे सोलणारे हात आठवावेत. थंडी सरली, की ताज्या दाण्यांची ही चव पुढच्या वर्षीच!