परमुलखातील चौविहार

धुळ्याहून निघताना मुलीच्या सामानात खाखरे, उडदाचे पापड, मुगवड्या आणि सासूबाईंनी स्वतःच्या हाताने शिवलेली मुहपत्ती होती. घरचे तूप मात्र मागे राहिले. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, हे बरणी भरून झाल्यावर कळले. मुलीला लेस्टर शहरात नोकरी लागली होती. ऑक्टोबरच्या मध्यावर मी तिच्यासोबत गेले आणि तिचे बिऱ्हाड मांडून देण्यासाठी बारा दिवस राहिले.

जळगावच्या माहेरी काय किंवा धुळ्याच्या सासरी काय, चौविहार हा आमच्यापुढे कधी प्रश्नच नव्हता. खानदेशात सूर्यास्त वर्षभर साधारण पावणेसहा ते सव्वासातच्या दरम्यान होतो. त्या सुमारास दुकानातला माणूस घरी येऊन जेवून जातो आणि गिऱ्हाईकही ते जाणून असते. निघण्यापूर्वी मुलीने महासतीजींकडून मांगलिक ऐकले. तेथून परतताना मी तिच्याकडून वचन घेतले, की तिकडेही रात्री जेवायचे नाही. ते तिने आपण होऊन दिले नव्हते, मी मागून घेतले होते. हा फरक तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

पहिले दोन दिवस दुकानांतील वेष्टने वाचण्यात गेले. आपल्याकडे हिरवा ठिपका पाहिला की मन निश्चिंत होते. तिथे शाकाहारी असे छापलेले असले, तरी कांदा, लसूण, बटाटा त्यात असू शकतोच. लाल रंगासाठी वापरले जाणारे ई १२० हे द्रव्य किड्यांपासून काढतात, हे मुलीने मला दाखवले. बेलग्रेव्ह रोडवर मात्र तूरडाळ, ज्वारीचे पीठ, कोकम सारे मिळाले आणि जीव भांड्यात पडला.

घरात चौघींचे मिळून एकच स्वयंपाकघर होते. आम्ही आपली भांडी निराळी ठेवली. तिसऱ्या दिवशी मी वरणाला हिंग-मोहरीची फोडणी दिली आणि छतावरील धुराची घंटा घणघणू लागली. सगळ्या मुली रस्त्यावर धावल्या. मी लाजेने अर्धमेली झाले. पण एक मुलगी वर येऊन मला खिडकी उघडून फोडणी कशी द्यावी ते दाखवून गेली. उकळलेल्या पाण्याची चिंता तर उरलीच नाही, कारण तिथे किटली घरोघरी असते.

रविवारी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन सेंटरमध्ये गेलो. मूळची ही चर्चची इमारत. 1988 साली तिथे प्रतिष्ठा झाली. एकाच छताखाली श्वेतांबर आणि दिगंबर मूर्ती, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्रांचे ज्ञानमंदिर आहे. आपल्या गावी आपण एकमेकांच्या दारावरून पुढे जातो. तिथे सारे एकाच दाराने आत येतात. तिथे युगांडातून आलेल्या एक वृद्ध गुजराती बा भेटल्या. 1972 साली इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास सांगितले. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने इकडे येऊ नका, अशी जाहिरात तिकडच्या वृत्तपत्रात दिली होती. तरीही हजारो लोक आले. मी बांना विचारले, "इथे चौविहार कसा पाळता?" त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात सूर्य साडेनऊला मावळतो, हिवाळ्यात चारच्या आत. आधी सूर्याशी ओळख करून घ्यावी लागते, बेन."

त्याचा अर्थ पुढच्याच आठवड्यात कळला. तोवर सूर्यास्त सहाच्या आसपास होता. मुलगी साडेपाचला घरी येई आणि ताट वाढलेलेच असे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे गेली आणि सूर्यास्त एकदम पावणेपाचच्या सुमारास आला. सोमवारी ती दारात आली तेव्हा बाहेर गडद अंधार होता. तिने वाढलेल्या ताटाकडे पाहिले, पाणीही न घेता हातपाय धुतले आणि नवकार म्हणून झोपली. मी ताट झाकून ठेवले. रात्रभर मला तिची भूक टोचत राहिली आणि त्याहून अधिक माझे ते मागून घेतलेले वचन.

सकाळी मी म्हणाले, "बेटा, तू त्या वचनातून मोकळी. डिसेंबरात तर चारच्या आधीच सूर्य मावळेल. थंडीच्या दिवसांत उपाशी राहून काम कसे होणार?" ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मम्मी, तुमचे वचन तुम्ही परत घ्या. नियम मी माझा घेते. दुपारची सुट्टी उशिरा मागून घेईन आणि साडेतीनला डबा खाईन. जमेल तितके दिवस चौविहार. आठम-चौदस मात्र चुकवणार नाही."

द्रव्य, क्षेत्र, काल, भाव हे शब्द मी व्याख्यानांत लहानपणापासून ऐकत आले. क्षेत्र बदलले, काल बदलला, की भावाची पारख होते, हे मात्र मला माझ्या मुलीने त्या लहानशा स्वयंपाकघरात शिकवले.

परतीच्या दिवशी मी तिला दोन डबे भरून दिले. आता दररोज आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले, की तिचा डबा उघडतो. त्या वेळी माझा चौविहार होऊन बराच वेळ झालेला असतो. सासूबाई घड्याळाकडे पाहतात आणि विचारतात, "जेवली असेल ना?" मी होय म्हणते.