काटा फुटतो कुठून?

वनस्पतींची रेखाटनं करताना माझी पेन्सिल सगळ्यात जास्त रेंगाळते ती काट्यापाशी. नगर तालुक्यातल्या बांधांवर फड्या निवडुंग आणि थोर शेजारी-शेजारी उभे असतात. लांबून एकाच घरचे वाटतात: मांसल हिरवं खोड, अंगभर काटे, उन्हाळ्यात पानाचा मागमूस नाही. पाऊस वर्षाला जेमतेम 500-600 मिलिमीटर. अशा कोरड्या हवेत दोघंही पाणी खोडात साठवतात आणि पर्णरंध्रं रात्री उघडतात. फड्या मूळचा अमेरिकेतला, थोर इथल्या कोरड्या टेकड्यांचा. एवढ्या अंतरावर राहून त्यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली.

भिंग लावलं की हे साम्य संपतं. फड्याचे काटे एका लोकरीसारख्या उंचवट्यातून येतात. हा उंचवटा म्हणजे वाढ खुंटलेली फांदी, आणि काटा म्हणजे बदललेलं पान. तिथेच बारीक कुसळांचा झुबका असतो. तो बोटात शिरला की दिवसभर सलतो. थोराचे काटे मात्र जोडीनं, पानाच्या वणाच्या दोन बाजूंना असतात. ती त्याची उपपर्णं. म्हणून मी आधी वण काढते, मग काटे. क्रम उलटला, तर थोर कागदावर निवडुंगासारखा दिसू लागतो.

फूल तर आणखी वेगळं. फड्याचं पिवळं, ऐसपैस. पुंकेसरांना काडी लावली की ते आत झुकतात. थोराच्या इवल्या पेल्यात मधोमध एक मादीफूल असतं आणि भोवतीचा प्रत्येक पुंकेसर हे एक स्वतंत्र नरफूल. अख्खा मेळावा एकच फूल भासतो. पाकळ्या नसलेलं हे काम मला जास्त आवडतं. त्याला मी कागदाची अर्धी जागा देते. काप मात्र जपून घ्यावा लागतो, थोराचा पांढरा चीक डोळ्यांना घातक.

फड्याला रंगवताना लाल रंग हाताशी लागतोच. 1926मध्ये श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनील किड्यानं दक्षिण भारतातली फड्याची रानं उठवली. फड्यांवरचे कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे हेच किडे; ते चिरडले की बोट लालभडक होतं.

फड्याचं गोत्र घोळ-राजगिऱ्याच्या बाजूचं, थोराचं एरंडाच्या. म्हणून थोराच्या पानावर कोपऱ्यात मी एरंडाचं तीन कप्प्यांचं बोंडही काढते, आणि फड्याच्या पानावर घोळीचं फूल.