एक सण, दोन तारखा

"ईस्टरवर एक पान लिही," असे संपादकांनी २०२५च्या मार्चमध्ये सांगितले, तेव्हा मी मनातून थोडी वैतागलेच. रंगवलेली अंडी, ससा आणि केकची कृती, दरवर्षी तेच. निदान तारीख तरी नीट तपासावी म्हणून याद्या काढल्या आणि तिथेच अडकले. २०२४मध्ये मुंबई-गोव्याच्या चर्चमध्ये ईस्टर झाला ३१ मार्चला. ग्रीस आणि रशियात तो ५ मे रोजी. २०२५मध्ये मात्र दोन्हीकडे २० एप्रिल. २०२६च्या यादीत पुन्हा एक ५ एप्रिलला, दुसरा १२ एप्रिलला.

एकच सण आणि कधी पाच-पाच आठवड्यांचे अंतर! कोणाला याचे नवल वाटेल. मला वाटले नाही, कारण आमच्या घरात गणपतीच्याही दोन तारखा आहेत.

आमचे मूळ घर कोकणात. आजोबा होते तोवर ते म्हणतील ती चतुर्थी. ते गेल्यावर मोठ्या काकांनी दाते पंचांग धरले आणि बाबांनी टिळक पंचांग सोडले नाही. एरवी फारसे बिघडत नाही, पण अधिक महिना येतो त्या वर्षी या दोन पंचांगांत कधीकधी चक्क महिन्याचा फरक पडतो. अशाच एका वर्षी बाबांनी मुंबईच्या घरी वेगळी मूर्ती आणली. काका म्हणाले, "घराण्याचा गणपती एकच." बाबा म्हणाले, "चुकीच्या महिन्यात बसवला तर तो गणपती कसला?" त्यानंतर अकरा वर्षे दोघे भाऊ एकमेकांच्या घरी जेवलेले नाहीत. लग्नामुंजीत भेटतात, नमस्कार करतात आणि वेगवेगळ्या पंगतीला बसतात.

तेव्हा हे पान मी जरा निराळ्या उत्सुकतेने लिहायला घेतले, हे कबूल करते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आमच्या कार्यालयाच्या कपाटात होते. 'प्रेषितांची कृत्ये' आणि पौलाची पत्रे वाचायला बसले. माझी कल्पना अशी, की पहिले ख्रिस्ती म्हणजे सगळे एकदिलाचे, भांडणे पुढे सत्ता आल्यावर सुरू झाली असणार. प्रत्यक्षात येशूनंतर वीस वर्षेही झाली नसतील तोच अंत्युखियात भांडण पेटले होते. आणि कशावरून? जेवणाच्या पंगतीवरून!

अंत्युखियाच्या मंडळीत यहुदीही होते आणि परराष्ट्रीयही. पेत्र तिथे आला आणि सर्वांबरोबर एका ताटाला जेवू लागला. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली. सुंता न झालेल्यांबरोबर जेवणे त्यांना पटणारे नव्हते. पेत्र हळूच मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहुदीही उठले. पौलाने सर्वांसमोर त्याला तोंडावर सुनावले. ही हकीकत खुद्द पौलानेच गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सांगितली आहे आणि त्याचा राग आजही ओळीओळीतून जाणवतो.

त्या पत्रात मला सर्वांत लागले ते बर्णबाचे नाव. बर्णबा पौलाचा जुना सोबती, परराष्ट्रीयांमध्ये त्याच्याबरोबर हिंडलेला, मनाने मोठा. पौल लिहितो, की त्यांच्याबरोबर बर्णबासुद्धा वाहवत गेला.

मीही वाहवतच गेले होते. काकांच्या मुलीच्या डोहाळजेवणाला मी गेले. काकूंनी मला आवडतात म्हणून नारळाच्या वड्या पुढे केल्या. "उपास आहे," असे मी खोटेच सांगितले. वडीला उपास आडवा येत नाही हे काकूंना ठाऊक होते आणि मलाही. त्या काही बोलल्या नाहीत, बशी उचलून आत गेल्या. मला पंचांगातले ओ की ठो कळत नाही. बाबा तिथे नव्हतेही. तरीसुद्धा मी तसे केले.

परराष्ट्रीयांनी सुंता करून घ्यावी की नाही, या प्रश्नावर इसवी सन ४९च्या सुमारास यरुशलेमला मोठी बैठक झाली. याकोबाने तोडगा काढला, की सुंतेची सक्ती नको. मात्र मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्यांचे मांस आणि अनैतिक संबंध त्यांनी वर्ज्य करावेत. यात मला संसारी शहाणपण दिसले. चारपैकी तीन अटी खाण्याच्या! एका मेजावर बसायचे तर समोरच्याला शिसारी येणार नाही एवढे पाहा, असाच त्याचा अर्थ मी घेतला. अभ्यासक आणखी काही सांगतात, त्या वादात मी शिरत नाही. आणि एवढे सारे मिटवून परतल्यावर पौल आणि बर्णबा यांचे कशावरून फाटले? तर मार्क नावाच्या तरुण सोबत्याला प्रवासात बरोबर घ्यायचे की नाही यावरून. दोघे दोन दिशांना गेले. सिद्धांताचा डोंगर ओलांडला आणि माणसावरून अडखळले. घरोघरी असेच असते म्हणा.

पण माझा मूळ प्रश्न तारखेचा. त्याचे उत्तर दुसऱ्या शतकात सापडले.

आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या मंडळ्या यहुदी निसान महिन्याच्या चतुर्दशीला उपास सोडीत. वार कोणताही असो. ती वल्हांडण सणाची तिथी. रोममध्ये मात्र येशूचे पुनरुत्थान रविवारी झाले म्हणून सण रविवारीच पाळायचा असा प्रघात. थोडक्यात, एक पक्ष तिथीचा, दुसरा वाराचा. एका गावात उपास चालू आणि त्याच दिवशी दुसऱ्या गावात आनंदाचे जेवण!

स्मुर्णा म्हणजे आजचे इझमिर. तिथला बिशप पॉलिकार्प इसवी सन १५५च्या आसपास रोमला गेला. वय ऐंशीच्या पुढे. रोमचा बिशप होता अनिसेट. इतर लहानसहान गोष्टींवर दोघांचे लगेच जुळले. तिथीवर काही जुळेना. पॉलिकार्पचे म्हणणे, आपण प्रभूचा शिष्य योहान याच्यासोबत हीच रीत पाळली, ती सोडणार नाही. अनिसेटचे म्हणणे, माझ्या आधीच्या वडीलधाऱ्यांची रीत मी मोडणार नाही. दोघांचीही बाजू एकच होती, पाहा: आमच्या मोठ्यांनी असे केले. आमच्या घरातही दोन्हीकडून आजोबांचेच नाव निघते.

तर मग काय झाले? कोणीच हटले नाही. आणि तरीही अनिसेटने आपल्या चर्चमध्ये पवित्र भोजनाचा विधी चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला. ज्याची तारीख आपण चुकीची मानतो, त्याच्या हाताखाली यजमान स्वतः बसला! दोघांनी एकमेकांचा निरोप प्रेमाने घेतला आणि पुढेही आपापली तारीख पाळत राहिले.

पॉलिकार्प म्हणजे 'चालायचेच' म्हणून सोडून देणारा मवाळ म्हातारा असेल असे कोणी समजू नये. जुन्या कराराचा देव निराळाच आहे असे शिकवणारा मार्सियन त्याला भेटला, तेव्हा त्याने त्याला सैतानाचे थोरले अपत्य म्हटले अशी नोंद आहे. कशावर तुटेपर्यंत ताणायचे आणि कशावर नाही, हे त्याने मनाशी ठरवलेले होते. मला वाटते अवघड तेवढेच आहे. बाबा आणि काकांना प्रत्येक गोष्ट मार्सियनच वाटते.

पुढची पिढी एवढी समंजस निघाली नाही. इसवी सन १९०च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याने साऱ्या आशियाई मंडळ्यांशी संबंध तोडायला घेतले. इफिसच्या पॉलिक्रेटसने बाणेदार उत्तर पाठवले: माझे सात नातलग बिशप होऊन गेले, आठवा मी, आणि सर्वांनी चतुर्दशीच पाळली. तेव्हा मध्ये पडला लिऑनचा बिशप आयरेनियस. तो स्वतः रविवारवाला. पण लहानपणी स्मुर्णात त्याने पॉलिकार्पला पाहिले होते, ऐकले होते. त्याने व्हिक्टरला पत्र लिहून ती रोमची भेट आठवून दिली. उपास कोणी एक दिवस करतात, कोणी दोन, कोणी जास्त. आणि या फरकातूनच श्रद्धा एक असल्याचे दिसते, असे त्याने बजावले. युसेबियस या इतिहासकाराने ते पत्र जपले, म्हणून आज आपल्याला कळते.

इसवी सन ३२५मध्ये निकियाच्या परिषदेने सर्वांसाठी रविवार ठरवला. एकी झाली खरी, पण पॉलिकार्पची चतुर्दशी पुढे पाखंडात जमा झाली. त्या निर्णयाबरोबर सम्राट कॉन्स्टंटाइनने धाडलेल्या पत्रात यहुद्यांविषयीचा तिरस्कारही उघड आहे. हे वाचून मला त्या एकीचे फार कौतुक करावेसे वाटेना. १५८२मध्ये पोप ग्रेगरीने दिनदर्शिका सुधारली, पूर्वेकडच्या चर्चनी ती सणाच्या गणितात घेतली नाही आणि तारखा पुन्हा दोन झाल्या.

पान छापून आले. बाबा आमचा अंक शेवटच्या पानापासून वाचतात. रविवारी चहाच्या वेळी त्यांनी चष्मा काढून विचारले,

"हा पॉलिकार्प घरी परत गेल्यावर आपल्याच तिथीला पाळत राहिला ना?"

"हो."

"आणि रोमवाला?"

"तोही."

"कोणीच चूक कबूल केली नाही म्हणतेस."

"नाही केली."

बाबा बराच वेळ अंकाकडे पाहत बसले. त्यांना त्र्याहत्तरावे चालू आहे, काका अठ्ठ्याहत्तरचे.

"ऐंशीच्या पुढे वय आणि समुद्रापलीकडचा प्रवास," ते म्हणाले. चहा संपवला, बशी धुऊन पालथी घातली आणि आतल्या खोलीत जाता जाता थांबले.

"अगं, गणपतीत कोकणच्या गाडीचं आरक्षण हल्ली किती दिवस आधी उघडतं?"