पिशवीत काय आणलंस?

गिरगावातल्या आमच्या चाळीत काकूंची खोली जिन्याला लागून होती. दुसऱ्या मजल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या दारावरूनच जावं लागे. “पिशवीत काय आणलंस?” “आज लवकर कशी?” “पत्र कुणाचं गं?” सगळी चाळ त्यांना भोचक म्हणे. मीही म्हणे. बारावीच्या निकालाच्या दिवशी त्यांनी गणिताचे मार्क वेगळे विचारले, तेव्हा मी पेढा न देताच पुढे गेले होते.

एकाच ओढीला आपण किती नावं ठेवतो! वर्गात प्रश्न विचारणारं पोर चौकस, तेच मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू लागलं की चोंबडं. एसटी स्टँडवरची ‘चौकशी’ची खिडकी वाट दाखवते आणि कचेरीतली चौकशी झोप उडवते.

जिज्ञासा मात्र सगळ्यांत सोवळी. ब्रह्मसूत्रांतलं पहिलं सूत्र याच शब्दावर संपतं. कॉलेजात संस्कृतच्या बाईंनी पाणिनीचा सन् प्रत्यय शिकवला, तेव्हा ती एकदम घरातली वाटली. ‘पा’ म्हणजे पिणं, त्यावरून पिपासा. ‘भुज्’वरून बुभुक्षा. ‘ज्ञा’वरून जिज्ञासा. म्हणजे तहानभुकेच्याच पंगतीतली! मग बाईंनी फळ्यावर ‘श्रु’ लिहिलं. ऐकण्याची इच्छा, ती शुश्रूषा. मी चमकले. माझ्यासाठी शुश्रूषा म्हणजे औषधपाणी, उशापायथ्याशी बसणं. बाई म्हणाल्या, ऐकायची इच्छा असलेला शिष्य गुरूंजवळ बसायचा, त्यांची सेवा करायचा. ऐकता ऐकता शब्दाचा अर्थच सेवा झाला.

हे मला खरं कळलं ते आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा. तिचे शब्द अर्ध्यातच विरत. भेटायला येणारे “काळजी घ्या” म्हणून उठत. काकू बसून राहत आणि विचारत राहत. एका दुपारी आई “मो... मो...” करत कासावीस झाली. आम्ही मोजे दिले, मोसंबं सोललं. ती मान फिरवत राहिली. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. “चार वाजले. मोगऱ्याला पाणी घातलं का, असं विचारतेयस ना?”

आईचे डोळे भरून आले. गॅलरीतल्या त्या कुंडीला आई कधी पाणी घालते, हे मला, तिच्या मुलीला, ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी औषधं घेऊन मी जिना चढले. काकू दारातच होत्या.

“पिशवीत काय आणलंस?”

मी त्यांच्या उंबऱ्यावर बसले आणि एकेक वस्तू काढून दाखवू लागले.